वाचकांचे प्रश्न : स्वतःचा ब्लॉग आणि त्याचं लॉगिन

पायथन भाषेतल्या जँगो फ्रेमवर्कवर (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) स्वतःचा ब्लॉग बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं वेगवेगळ्या गावांची आहेत, पण बहुतेकांची गाडी लॉगिनपाशीच अडली आहे. जँगोच्या सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती मोठ्या रोमन अक्षरांत, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर घालून लिहावीत.

प्रश्न : जँगोत लॉगिन तयार मिळतं असं ऐकलं. शिकायचं म्हणून यूजरचं टेबल आणि लॉगिन स्वतः लिहू की तयार घेऊ? सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तयार घ्या. जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या वेबविभागात तयार झालं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. लेख, लेखक, मसुदा, प्रकाशन हे त्याचं मूळचं काम, त्यामुळे ब्लॉगला ते चपखल बसतं. लॉगिनचा फॉर्म अर्ध्या तासात लिहून होतो, पण त्याच्यामागे बरंच काही घडावं लागतं. लॉगिन होताच सेशनचा (म्हणजे चालू भेटीचा) क्रमांक बदलायला हवा, नाहीतर आधीच कुणी पेरून ठेवलेला क्रमांक वापरून तो माणूस तुमच्याबरोबर आत येतो. नसलेल्या खात्यावर प्रयत्न झाला तरी उत्तराला साधारण तेवढाच वेळ लागायला हवा, नाहीतर कोणती खाती अस्तित्वात आहेत हे घड्याळ लावून कळतं. जँगो हे दोन्ही न सांगता करतं. शिकायची हौस असेल तर त्याच्या ऑथ विभागाचा कोड उघडून वाचा, तो वाचण्यासारखा आहे.

सुरुवातीचा क्रम मात्र चुकवू नका. व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन), जँगो, नवा प्रोजेक्ट, आणि पहिलं मायग्रेशन (मॉडेलवरून डेटाबेसची टेबलं बनवणं) चालवण्याआधी स्वतःचं यूजर मॉडेल. ‘अकाउंट्स’ नावाचं ॲप करा, त्यात ॲबस्ट्रॅक्ट यूजरवरून आपला वर्ग काढा, ‘ऑथ यूजर मॉडेल’ सेटिंगमध्ये त्याचं नाव द्या आणि मग मायग्रेट करा. हे आधी केलं नाही आणि दोन महिन्यांनी बदलायला गेलात, तर ‘इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्टरी’ म्हणत जँगो हटून बसतं, कारण ॲडमिनची टेबलं जुन्या यूजरला बांधलेली असतात. ब्लॉगवर अजून खरा मजकूर नसेल तर डेटाबेस पुसून नव्याने मायग्रेट करणं हाच सोपा मार्ग आहे.

लॉगिन ईमेलने ठेवा. यूजरनेमचा रकाना काढून टाकलात तर यूजर मॅनेजरही स्वतःचा लिहावा लागतो. तो विसरला की सुपरयूजर बनवताना ‘यूजरनेम दिलेलं नाही’ अशी तक्रार येते. आणखी एक खाच अशी, की जँगो ईमेलचा फक्त ॲटनंतरचा भाग लहान अक्षरांत करतं. फोनवर नोंदणी करताना कीबोर्डने पहिलं अक्षर मोठं केलं आणि नंतर लॅपटॉपवर ते लहान टाइप झालं, तर खातं सापडत नाही, किंवा एकाच माणसाची दोन खाती होतात. नोंदणी आणि लॉगिन दोन्हीकडे पूर्ण ईमेल लहान अक्षरांत करून घ्या आणि डेटाबेसमध्ये लहान अक्षरांवर आधारित युनिक कन्स्ट्रेंट (एकच मूल्य दोनदा साठू न देणारी अट) लावा.

लॉगआउट ही नुसती लिंक ठेवू नका. जँगो ५.० पासून तयार लॉगआउट फक्त पोस्ट विनंतीने होतं, म्हणून छोटा फॉर्म आणि त्यात बटण असं करा. जुने व्हिडिओ पाहून लिंक लावणाऱ्यांना ४०५ ची त्रुटी दिसते ती याच कारणाने.

प्रश्न : एका व्हिडिओत पासवर्ड एमडी-फाइव्हने ‘एनक्रिप्ट’ करून ठेवायला सांगितलंय, दुसऱ्यात शा-२५६ ने. कोणतं बरोबर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नकोत. एनक्रिप्ट केलेली गोष्ट किल्ली मिळाली की उलगडते. पासवर्ड कुणालाच, तुम्हालासुद्धा, उलगडता येता कामा नये. तो फक्त पुन्हा मोजून ताडून पाहता यावा, आणि त्यासाठी हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारी मोजणी, असते. एमडी-फाइव्ह आणि शा-२५६ हेही हॅशच, पण ते वेगासाठी घडवलेले आहेत. आजचं एक ग्राफिक्स कार्ड अशा हॅशचे सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख पासवर्ड-हॅश बाहेर फुटले, ते शा-१ चे आणि बिनसॉल्टचे होते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक खात्यासाठी वेगळा काढलेला यादृच्छिक तुकडा. तो नसला की एकच पासवर्ड ठेवणाऱ्या हजार लोकांचा हॅश एकसारखा दिसतो आणि एक फुटला की हजार फुटतात.

पासवर्डसाठी मुद्दाम संथ केलेला हॅश हवा. जँगो मुळातच पीबीकेडीएफ-टू वापरतं, आणि ५.२ आवृत्तीत त्याच्या १० लाख फेऱ्या आहेत. काहीही न करता हे मिळतं आणि ते पुरेसं आहे. त्याहून बळकट हवं असेल तर आर्गॉन-टू घ्या. २०१५ मध्ये पासवर्ड हॅशिंगच्या खुल्या स्पर्धेत तो पहिला आला. तो वेळेबरोबर मेमरीही खातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्डांची सद्दी त्याच्यापुढे चालत नाही. आर्गॉन-टूचं पॅकेज बसवा आणि ‘पासवर्ड हॅशर्स’च्या यादीत तो सगळ्यात वर ठेवा. जुना हॅशर यादीतून काढू नका. जुने सदस्य पुढच्या वेळी लॉगिन करतील तसतसे त्यांचे हॅश आपोआप नव्या पद्धतीत जातात, आणि जुना हॅशर काढलात तर त्यांना आतच येता येत नाही.

इथे लहान सर्व्हरवाल्यांनी सांभाळायला हवं. जँगोतला आर्गॉन-टू एका पासवर्डमागे १०० एमबी मेमरी घेतो. ५१२ एमबीच्या सर्व्हरवर पाच जणांनी एकाच वेळी लॉगिन केलं की मेमरी संपते आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रोसेस मारून टाकते. ब्लॉग ‘अधूनमधून आपोआप बंद पडतो’ अशी तक्रार असेल तर हेही तपासा. उपाय म्हणजे हॅशरचा उपवर्ग काढून मेमरी कॉस्ट १९४५६, टाइम कॉस्ट २ आणि पॅरेललिझम १ असे आकडे द्या. हे १९ एमबी होतात, आणि वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या शिफारशीत बसतात.

बीक्रिप्ट हा हॅश निवडत असाल तर तो फक्त पहिले ७२ बाइट पाहतो हे लक्षात घ्या. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं आणि काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. म्हणजे मराठीत लिहिलेल्या लांबलचक पासवर्डची पहिली २४ चिन्हंच मोजली जातात, पुढचं सगळं वाया. जँगोत बीक्रिप्ट-शा-२५६ नावाचा हॅशर आहे, त्यात हा अडथळा नाही.

पासवर्डचे नियम म्हणाल तर लांबीवर भर द्या. जँगोत किमान ८ अक्षरं असतात, ती १२ किंवा १५ करा. ‘एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह’ असली सक्ती आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणं दोन्ही सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ पासून ते सोडायला सांगितलं आहे. अशा सक्तीने लोक शेवटी १ लावतात, पुढच्या वेळी २. जँगो २० हजार नेहमीच्या पासवर्डांची यादी ताडून पाहतं, पण ती यादी आपल्याकडची नाही. रोमन लिपीत लिहिलेल्या घोषणा, देवांची नावं, गावाचं नाव आणि पिनकोड अशी आपली यादी तयार करून त्या तपासणीला जोडा.

प्रश्न : माझ्या ब्लॉगवर ‘नमन’ हे यूजरनेम चालतं, पण ‘सुनीता’ टाकलं की अवैध म्हणतो. लेखाच्या पत्त्यात तर शीर्षकाचे काना-मात्रा गळून पडतात. चूक कुठे आहे?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : चूक तुमच्या कोडमध्ये नाही. पायथनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकूर ताडून पाहायच्या नमुन्यात) ‘शब्दातलं अक्षर’ म्हणून जो संच आहे, त्यात देवनागरीची व्यंजनं आणि स्वर बसतात, पण काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि हलन्त बसत नाहीत. युनिकोडमध्ये ती अक्षरं नसून जोडचिन्हं म्हणून नोंदलेली आहेत. ‘नमन’मध्ये नुसती तीन व्यंजनं, म्हणून ते सुटलं. ‘सुनीता’मध्ये उकार, वेलांटी, काना, म्हणून अडलं.

पत्त्याचंही तेच. शीर्षकावरून स्लग (पत्त्यात बसणारं शीर्षकाचं छोटं रूप) बनवणारं जँगोचं फंक्शन तसंच वापरलं तर ते देवनागरी सगळीच फेकून देतं आणि स्लग रिकामा उरतो. पहिला लेख कसाबसा साठतो, दुसऱ्याला युनिक कन्स्ट्रेंट मोडल्याची त्रुटी येते. ‘अलाउ युनिकोड’ चालू केलं की देवनागरी राहते, पण ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं आणि ‘ज्ञानेश्वरी’चं ‘जञनशवर’.

आमचा सल्ला असा. यूजरनेमच्या नादी लागू नका. लॉगिन ईमेलने ठेवा आणि ‘दाखवायचं नाव’ असा वेगळा साधा मजकुराचा रकाना द्या, त्यात सुनीताताई हवं ते लिहू शकतील. लेखाच्या पत्त्यात आधी लेखाचा क्रमांक, मग लेखकाने हाताने लिहिलेला छोटा रोमन स्लग ठेवा. लेख शोधायचा तो क्रमांकावरून, म्हणजे पुढे शीर्षक बदललं तरी जुन्या लिंक तुटत नाहीत.

देवनागरी पत्ताच हवा असेल तर तोही करता येतो. स्लगचं फंक्शन स्वतःचं लिहा आणि त्यात युनिकोडचा ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी पट्टा राखा, दंड मात्र वगळा. मॉडेलमध्ये स्लग फील्डऐवजी साधं कॅरॅक्टर फील्ड घ्या, कारण स्लग फील्डची तपासणीही मात्रांना अडवते. पत्त्यांच्या यादीत ‘स्लग’ कन्व्हर्टरऐवजी ‘एसटीआर’ वापरा. तोटा एवढाच, की असा पत्ता कॉपी करून पाठवला की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते. एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे ‘मराठी’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस.

मराठी पासवर्डाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ओघाने सांगायला हवं. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एकच चिन्ह म्हणून साठतं, किंवा ‘अ’ आणि वर चंद्र अशी दोन चिन्हं ‘अॅ’ म्हणून साठतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही, म्हणून फोनच्या कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड लॅपटॉपवर चालत नाही. पासवर्ड हॅश करण्याआधी आणि तपासण्याआधी तो युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने समान करून घ्या. त्याने ‘ऱ’सारख्या अक्षराची दोन रूपं एक होतात, पण ‘ॲ’ची होत नाहीत. ती बदली स्वतः एका ओळीत लिहावी लागते, आणि ती नोंदणी, लॉगिन व पासवर्डबदल या तिन्ही ठिकाणी सारखीच लावावी लागते.

प्रश्न : ‘लेख संपादित करा’ हे बटण मी फक्त त्या लेखाच्या लेखकालाच दाखवतो. तरीही एका सदस्याने दुसऱ्याचा लेख बदलला. हे कसं झालं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बटण लपवलं, पण दार उघडंच राहिलं. संपादनाच्या पत्त्यात लेखाचा क्रमांक असतो. स्वतःच्या लेखाच्या पत्त्यात ४१२ च्या जागी ४११ टाकलं की दुसऱ्याचा लेख उघडतो, त्याला बटण लागत नाही. ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत वेब ॲप्लिकेशनच्या धोक्यांमध्ये हक्कांच्या तपासणीतली गफलत पहिल्या क्रमांकावर आहे. लॉगिन पक्कं करण्यात लोक आठवडा घालवतात आणि इथे एक ओळ लिहायची राहते. फ्रेमवर्क ती तुमच्यासाठी लिहू शकत नाही, कारण कोणता लेख कुणाचा हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

तपासणी सर्व्हरवर, आणि शक्यतो क्वेरीतच (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच) करा. क्रमांक ४११ चा लेख आणून मग लेखक कोण ते पाहण्यापेक्षा ‘क्रमांक ४११ आणि लेखक म्हणजे आत्ताचा सदस्य’ अशीच क्वेरी लिहा. न सापडल्यास ४०४ जाईल, आणि असा लेख आहे की नाही हेही परक्याला कळणार नाही. वर्गावर आधारित व्ह्यू (विनंती घेऊन पान देणारा कोड) वापरत असाल तर ‘गेट क्वेरीसेट’मध्ये ही अट घाला, म्हणजे पान दाखवणं आणि जतन करणं दोन्हीकडे ती लागू होते. फॉर्म दाखवताना तपासणी आणि पोस्ट घेताना मात्र काहीच नाही, असे व्ह्यू बरेच पाहायला मिळतात. ‘लॉगिन रिक्वायर्ड’चा मिक्सिन (वर्गाला जोडायचा तयार तुकडा) वर्गाच्या वारशाच्या यादीत डावीकडे पहिला असला पाहिजे. उजवीकडे ठेवलात तर तो काही करत नाही आणि त्रुटीही देत नाही.

मॉडेल फॉर्ममध्ये ‘सगळे रकाने’ असं लिहिलं असेल तर तेही बदला. फॉर्ममध्ये लेखकाचा रकाना आला की ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून कुणीही दुसऱ्याचं नाव लेखक म्हणून पाठवू शकतं. ‘मुख्य पानावर दाखवा’ यासारखा संपादकांचा रकानाही तसाच हाती लागतो. रकान्यांची नावं एकेक करून द्या आणि लेखक व्ह्यूमध्येच भरा.

मसुद्यांकडेही पाहा. मुख्य पानावर मसुदे दिसत नाहीत, पण आरएसएस फीड, साइटमॅप, शोध आणि टॅगचं पान या चार जागांतून ते हमखास गळतात. ‘प्रकाशित’ अशी एकच क्वेरीसेट मेथड लिहा आणि सार्वजनिक पानांवर सगळीकडे तीच वापरा.

प्रश्न : लेखकांना ठळक-तिरपं करता यावं म्हणून एडिटर बसवला. पानावर टॅगच दिसायला लागले, म्हणून टेम्प्लेटमध्ये ‘सेफ’ फिल्टर लावला. ठीक आहे ना?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ‘सेफ’ लावल्याने मजकूर सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित आहे अशी हमी तुम्ही जँगोला देता. मग कुणी लेखात किंवा प्रतिक्रियेत स्क्रिप्ट लिहिली तर ती प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये, त्या वाचकाच्या लॉगिननिशी चालते. संपादकाने ते पान उघडलं की संपादकाचे सगळे हक्क त्या स्क्रिप्टच्या हाती. २००५ मध्ये मायस्पेसवर अशाच एका प्रोफाइलमधल्या स्क्रिप्टने एका दिवसाच्या आत दहा लाखांहून जास्त खात्यांवर स्वतःची नक्कल पोचवली होती.

एडिटरने ब्राउझरमध्ये केलेली साफसफाई धरू नका, कारण एडिटरला बाजूला ठेवून थेट सर्व्हरकडे मजकूर पाठवता येतो. सर्व्हरवर ‘एनएच-थ्री’ हे नको ते टॅग गाळणारं पायथनचं पॅकेज वापरा. पूर्वी सगळे ‘ब्लीच’ सांगत, पण त्याचं काम २०२३ मध्ये थांबवल्याचं जाहीर झालं आहे. परवानगीची यादी आखूड ठेवा: परिच्छेद, ठळक, तिरपं, दोन पातळ्यांची शीर्षकं, याद्या, अवतरण, लिंक, चित्र. स्टाइल आणि क्लास देऊ नका. वर्डमधून चिकटवलेल्या मराठी मजकुराबरोबर येणारे फॉण्टचे ढीगभर टॅगही त्यामुळे आपसूक गळतात आणि सगळे लेख एका टायपात दिसतात. मूळ मजकूर एका रकान्यात आणि स्वच्छ केलेला दुसऱ्या रकान्यात ठेवा. पुढे यादी बदलली तर मूळ मजकूर पुन्हा चाळून घेता येतो. मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) वापरणाऱ्यांनीही ही पायरी गाळू नये, मार्कडाउनमध्ये एचटीएमएल तसंच पुढे जातं.

लॉगिनचं टोकन ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. ब्लॉगसाठी त्याची काही गरज नाही. जँगोची सेशन कुकी एचटीटीपी-ओन्ली असते, ती स्क्रिप्टला वाचता येत नाही. लोकल स्टोरेज मात्र कोणतीही स्क्रिप्ट वाचू शकते.

प्रश्न : घरच्या संगणकावर सगळं नीट चालतं. सर्व्हरवर चढवलं की लॉगिन करताना सीएसआरएफची त्रुटी येते. ‘सिक्युअर एसएसएल रिडायरेक्ट’ चालू केलं तर ब्राउझर ‘खूप वेळा वळवलं’ म्हणतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्हींचं मूळ एकच. ब्राउझर ते एनजिनएक्स (जँगोच्या पुढे उभा असलेला सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी) एवढा प्रवास एचटीटीपीएसने होतो, पण एनजिनएक्स ते जँगो हा साध्या एचटीटीपीने. जँगोला वाटतं वाचक असुरक्षित मार्गाने आलाय, म्हणून ते एचटीटीपीएसकडे वळवतं. एनजिनएक्स पुन्हा साध्या मार्गाने पाठवतं, आणि हे चक्र सुरूच राहतं. सीएसआरएफची (विनंती तुमच्याच साइटवरून आली ना, याची) तपासणी करतानाही ब्राउझर सांगतो एचटीटीपीएस आणि जँगोला दिसतं एचटीटीपी, म्हणून ते जुळत नाही.

एनजिनएक्सच्या प्रॉक्सी विभागात मूळ होस्ट हेडर आणि ‘एक्स फॉरवर्डेड प्रोटो’ हेडर पुढे पाठवा, आणि जँगोत ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ सेट करा. हे हेडर एनजिनएक्स स्वतः लिहीत असेल तरच हे सेटिंग लावावं, नाहीतर बाहेरचा कुणीही ते हेडर पाठवून जँगोला फसवू शकतो. ‘सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स’ लागलंच तर पत्ता एचटीटीपीएससकट लिहा. जँगो ४.० पासून नुसतं डोमेन चालत नाही.

मग ‘सेशन कुकी सिक्युअर’ आणि ‘सीएसआरएफ कुकी सिक्युअर’ दोन्ही ट्रू करा, मुळात ती बंद असतात. ‘डीबग’ फॉल्स हवं. ते ट्रू राहिलं तर एखादी त्रुटी येताच कोड आणि सेटिंगांचा बराचसा भाग पानावर उघडा पडतो. एचएसटीएसची (साइट फक्त एचटीटीपीएसनेच उघड, असं ब्राउझरला बजावणाऱ्या सोयीची) मुदत आधी ३६०० सेकंद ठेवा. सगळं आठवडाभर नीट चाललं की मग वर्षाची करा. पहिल्याच दिवशी वर्षाची मुदत लावलीत आणि एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र बिघडलं, तर आधी येऊन गेलेल्या वाचकांना साइट उघडताच येत नाही आणि तुमच्या हातातही काही राहत नाही. शेवटी ‘चेक’ कमांड ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालवा, राहिलेलं ती दाखवते.

लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याच्या त्यांच्या ईमेल जून २०२५ पासून बंद झाल्या आहेत. नूतनीकरण आपोआप होतंय ना हे सर्टबॉट या प्रमाणपत्र आणणाऱ्या साधनाच्या ‘ड्राय रन’ने (नुसत्या तालमीने) पाहून घ्या. फायरवॉलमध्ये ८० क्रमांकाचा पोर्ट ‘आता लागत नाही’ म्हणून बंद केला असेल तर बरेचदा नूतनीकरण तिथेच अडतं.

प्रश्न : चुकीचे पासवर्ड अडवायला जँगो-ॲक्सेस (django-axes) हे पॅकेज बसवलं. एका सदस्याने तीनदा चुकवलं आणि सगळ्यांचंच लॉगिन बंद झालं!
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तुमच्या जँगोला प्रत्येक वाचकाचा आयपी एनजिनएक्सचाच, म्हणजे १२७.०.०.१ दिसतोय. ॲक्सेस मुळात आयपीवर कुलूप लावतं, मर्यादा ३ प्रयत्नांची, आणि कुलूप आपोआप उघडण्याची वेळ ठरवलेली नसते. खरा आयपी पुढे पाठवा आणि मध्ये किती प्रॉक्सी आहेत ते पॅकेजला सांगा.

तेवढ्याने भागत नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात, वसतिगृहाच्या वायफायचंही तसंच. म्हणून कुलूप नुसत्या आयपीवर नको, आयपी आणि ईमेल यांच्या जोडीवर लावा. नुसत्या ईमेलवर लावलंत तर एखाद्याला मुद्दाम बाहेर ठेवणं सोपं होतं. मर्यादा ५ ते १० प्रयत्नांची आणि कुलूप आपोआप उघडण्याचा काळ १५ ते ३० मिनिटांचा पुरतो.

प्रश्न : पासवर्ड विसरल्याची ईमेल सदस्यांना मिळत नाही. त्याऐवजी एसएमएसवर ओटीपी द्यावा का?
— एक वाचनालय, अमरावती

उत्तर : एसएमएसच्या मागे लागू नका. भारतात असे संदेश पाठवायला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर संस्थेची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, शिवाय प्रत्येक संदेशाचे पैसे. वाचनालयाच्या ब्लॉगला ईमेलच बरी.

ईमेल न पोचण्याची कारणं ठरलेली आहेत. बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ क्रमांकाचा पोर्ट बंद ठेवतात, म्हणून एखाद्या ईमेल सेवेतून ५८७ वर पाठवा. डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकिम (ईमेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या) दोन्ही नोंदी करा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल प्रत्येक पाठवणाऱ्याकडून यातली किमान एक मागतं. ‘प्रेषक’ म्हणून स्वतःच्या जीमेलचा पत्ता घालू नका, तुमच्याच डोमेनचा पत्ता घाला.

पासवर्ड रिसेटच्या लिंकची मुदत जँगोत ३ दिवसांची असते, ती १ तासावर आणा. ईमेल नोंदलेली असो वा नसो, ‘खातं असल्यास ईमेल पाठवली आहे’ एवढंच उत्तर द्या. जँगो तसंच करतं, ‘सोय’ म्हणून ते बदलू नका. आणि ‘अलाउड होस्ट्स’मध्ये तारांकन ठेवू नका. रिसेटच्या लिंकमधलं डोमेन बरेचदा विनंतीतल्या होस्ट हेडरवरून घेतलं जातं. तारांकन असेल तर कुणीतरी दुसऱ्याच्या ईमेलवर तुमच्याच ब्लॉगकडून स्वतःच्या डोमेनची लिंक पाठवून घेतो.

बालवाचकांना खाती देणार असाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. मुलांचे लेख पालकांच्या किंवा ग्रंथपालांच्या खात्यावरून चढवणं जास्त सुटसुटीत.

प्रश्न : फोनवरून काढलेले फोटो लेखाला जोडताना ४१३ क्रमांकाची त्रुटी येते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेत नाही. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ १० एमबी करा. फोटोसाठी फाइल फील्ड वापरू नका, इमेज फील्ड वापरा. फाइल फील्डमध्ये स्क्रिप्ट दडवलेली एसव्हीजीही आत येते. फोनच्या फोटोत कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश असू शकतात, म्हणजे लेखकाच्या घराचा पत्ताच. पिलो या पायथनच्या चित्रांच्या पॅकेजने फोटो पुन्हा जतन केला की ते जातात, पण त्याबरोबर फोटो उभा की आडवा ही नोंदही जाते आणि चित्र कलंडतं. म्हणून आधी ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ करा, मग रुंदी १६०० पिक्सेलवर आणून जतन करा.

प्रश्न : आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ब्लॉगची सेटिंगची फाइल सीक्रेट कीसकट गिटहबवर सार्वजनिक गेली. लगेच काढली. आता काही करायचं राहिलं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हो, मुख्य काम राहिलं आहे. फाइल आज काढली तरी जुन्या कमिटमध्ये (जतन झालेल्या आवृत्तीत) ती तशीच आहे, आणि सार्वजनिक रेपॉझिटरी चाळणारे बॉट असतात. की फुटली असं धरूनच चला. नवी सीक्रेट की (जिच्या आधारे जँगो लॉगिन आणि रिसेटच्या लिंक खऱ्या आहेत हे ओळखतं ती गुप्त किल्ली) तयार करा आणि ती एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. सगळे सदस्य लॉगआउट होतील आणि पाठवलेल्या रिसेटच्या लिंक रद्द होतील. पासवर्डांना धक्का लागत नाही, त्यांचे हॅश या कीवर अवलंबून नसतात. जुनी की ‘सीक्रेट की फॉलबॅक्स’मध्ये ठेवण्याची सोय आहे, पण ती नेहमीच्या बदलासाठी. फुटलेली की तिथे ठेवली तर ती चालूच राहते.

त्याच फाइलमध्ये डेटाबेसचा आणि ईमेल सेवेचा पासवर्ड असेल तर तेही आजच बदला. ॲडमिनच्या खात्यांची यादी उघडून अनोळखी सुपरयूजर नाही ना ते पाहा. हे झाल्यावर संपादकांच्या खात्यांना ऑथेंटिकेटर ॲपचे सहा आकडी कोड लावा, जँगो-ओटीपी पॅकेजने ते होतं. कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो पूर्णपणे घड्याळावर चालतो, म्हणून सर्व्हरची वेळ एनटीपीशी (घड्याळ बरोबर ठेवणाऱ्या इंटरनेट सेवेशी) जोडलेली आहे ना ते आधी बघा. काही मिनिटांचा फरक पडला तरी सगळ्या संपादकांचे बरोबर कोडही चुकीचे ठरतात. राखीव कोड छापून मंडळाच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे वेगवेगळे ठेवा. गिटचा इतिहास पुसण्याचं काम या सगळ्यानंतर केलं तरी चालेल.